मतलेखात ‘मी’ किती ठेवायचा? (केळी विम्यावरच्या लेखाच्या निमित्ताने)

कांदेबाग | सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातली, घरची केळी. एका दैनिकाच्या मतांच्या पानासाठी ७०० शब्दांचा लेख लिहितेय. विषय आहे हवामानावर आधारित फळपीक विमा. या योजनेत उष्णतेने शेतात प्रत्यक्ष किती नुकसान झालं यावर भरपाई ठरत नाही. महसूल मंडळातल्या (म्हणजे काही गावांच्या गटातल्या) स्वयंचलित हवामान केंद्रावर ठरवून दिलेलं तापमान सलग ठरावीक दिवस नोंदलं गेलं तरच पैसे मिळतात. माझी मागणी अशी, की केंद्र मंडळाला एक न ठेवता गावोगावी बसवावं आणि त्याची रोजची नोंद शेतकऱ्याला बघता यावी.

पहिला मसुदा लिहिला त्यात आमचा बाग, आमचे घड, वडिलांची काळजी, सगळं आलं. कॉलेजच्या एका सरांना दाखवला. ते म्हणाले, ‘मी’ आणि ‘आम्ही’ सगळे काढून टाक, हा लेख आहे, घरचं पत्र नव्हे. काढले. आता तो परिपत्रकासारखा वाटतो, मलाच शेवटपर्यंत वाचवत नाही. मैत्रिणीला पहिलाच आवडला होता.

लोकांना पटवायचं असेल तर लेखात स्वतःला कुठे आणि किती ठेवायचं? आधी अनुभव सांगायचा की आधी मागणी?

भुसावळ_जंक्शन | ८:०५

आधी मागणी. मी बरीच वर्षं एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. जाहिरात वाढली की लेख शेवटाकडून छाटला जातो, आणि तो छाटणाऱ्याला पूर्ण वाचायला वेळ नसतो. तुमची मागणी शेवटच्या परिच्छेदात असेल तर ती छापूनच येणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात ‘गावपातळीवर हवामान केंद्र हवं’ हे आलं पाहिजे. अनुभव त्यानंतर.

वाघूरवाला | ८:११

वाचतोय. दोन्ही मसुद्यांची सुरुवात इथे टाका ना ताई. नुसत्या हवेत काय सांगणार?

निवृत्त_मास्तर | ८:५०

मुली, तुझ्या सरांचं अर्धं पटतं. निबंध तपासताना आम्हीही मुलांचे ‘मला वाटते’, ‘माझ्या मते’ खोडायचो, कारण लेख ज्याचा आहे त्यालाच ते वाटतं हे वाचणाऱ्याला माहीत असतं. ते खोडल्याने काही बिघडत नाही. पण ‘मी पाहिलं’, ‘मी मोजलं’, ‘मी विचारलं’ हे वेगळं. तिथे तू साक्षीदार आहेस. साक्षीदाराला बाहेर काढलं तर खटला उभा कशावर राहणार?

माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक ‘मी’पुढे थांबून विचारायचं, हे वाक्य माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला लिहिता आलं असतं का? आलं असतं तर ‘मी’ काढ. नसतं आलं तर ठेव, आणि त्या वाक्याला भरपूर जागा दे. वडिलांच्या काळजीचं वाक्य कुठल्याही घरातलं असू शकतं. त्या हवामान केंद्रापाशी तू स्वतः गेलीस का? गेली असशील तर तिथे काय दिसलं ते फक्त तुलाच माहीत आहे.

भुसावळ_जंक्शन | ९:०२

मास्तरांशी सहमत, पण क्रम माझाच धरा.

कांदेबाग | ९:३०

धन्यवाद सर. हो, केंद्रापाशी गेले होते. दोन्ही सुरुवाती देते.

पहिली: ‘मे महिन्यातली ती दुपार मी कधीच विसरणार नाही. बागेत पाऊल ठेवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. पोटच्या पोरासारखी वाढवलेली केळी डोळ्यांदेखत करपत होती. बळीराजाच्या नशिबी हेच का?’

दुसरी: ‘जळगाव जिल्हा हा केळी उत्पादनात अग्रेसर असून येथील केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे. तथापि सदर पिकासाठीच्या विमा योजनेच्या अंमलबजावणीत काही त्रुटी आढळून येतात.’

शहादेकर | ९:४१

पहिलीच ठेव बहिणी. दुसरी वाचून कोणाचाही जीव हलणार नाही.

अमळनेरची_लेक | ९:५८

मला दोन्ही एकाच जातीच्या वाटल्या. पहिल्या मसुद्यात ‘मी’ आहे पण तुम्ही नाही. डोळ्यांत पाणी, पोटचं पोर, बळीराजा… हे कापसावर, कांद्यावर, गारपिटीवर, कशावरही चालेल असं तयार सामान आहे. दुसऱ्यात ‘सदर’ आणि ‘तथापि’ आहे, तेही तयारच. आवाज सर्वनामातून येत नाही, तपशिलातून येतो. बागेत गेल्यावर नेमकं काय पाहिलंत? केळीवालेच बोलतात तसं सांगा.

कांदेबाग | १०:२०

पश्चिमेकडच्या कडेच्या ओळी आधी गेल्या. बांधावर शेवरी आहे, पण एका ठिकाणी खंड पडलाय, तिथून गरम वारा थेट आत येतो. पानांच्या चिंध्या झाल्या, कडा तपकिरी. घड सटकायला लागले, म्हणजे दांडा मऊ पडून घड खाली येतो. तो व्यापारी घेत नाही. फण्या अजून भरल्या नव्हत्या. वडील बांधावर उभे राहून म्हणाले, ‘पानं जयली, पन मशीनले ऊन लागलंच नही.’ (पानं जळली, पण हवामान केंद्राच्या मशीनला ऊन लागलंच नाही.)

अमळनेरची_लेक | १०:२४

झाली की सुरुवात! वडिलांचं वाक्य जसंच्या तसं ठेवा, प्रमाण मराठीत आणू नका. पूर्ण लेखात बोलीतलं तेवढं एकच.

वाघूरवाला | १०:२६

+१. अंगावर काटा आला.

भुसावळ_जंक्शन | १०:३३

मान्य. त्या वाक्याने सुरुवात, लगेच मागणी. वडिलांचं वाक्य, ते मशीन म्हणजे काय हे एका ओळीत, आणि तिसऱ्या वाक्यात ‘म्हणून केंद्र गावात हवं’. माझी अट पाळली जातेय, मास्तरांचा साक्षीदारही जागेवर आहे.

तापीकाठचा_कृषीवाला | ११:१५

मी विम्याच्या कामाशी संबंधित होतो, म्हणून दुसऱ्या बाजूने बोलतो. कोणी चिडू नये.

ताई, बाग करपल्याचं वर्णन कितीही उत्तम केलंत तरी या योजनेविरुद्ध तो पुरावा होत नाही. उष्णतेने झालेलं शेतातलं नुकसान मोजायचं योजनेने कधी कबूलच केलेलं नाही. मुद्दाम तसं ठेवलंय. प्रत्येक बागेचा पंचनामा करायचा म्हटलं तर माणसं लागतात, महिने जातात, आणि पंचनाम्यात कोणाचं किती लिहिलं यावरून भांडणं होतात. तापमानाचा आकडा लावला की सगळ्यांना एक न्याय आणि पैसे लवकर, हा त्यामागचा विचार. त्याची किंमत अशी, की केंद्रावरचा आकडा आणि शेतातली अवस्था यांत अंतर पडू शकतं. विम्याच्या भाषेत त्याला बेसिस रिस्क म्हणतात. तुमचा सगळा लेख खरं तर या अंतरावर आहे. ‘आमचं नुकसान झालं’ म्हणाल तर अधिकारी मान हलवतील आणि फाइल मिटतील. ‘केंद्र आणि बाग यांत अंतर पडतं, ते या या कारणांनी, आणि ते कमी करता येतं’ असं म्हणालात तर उत्तर द्यावं लागेल.

आणखी एक. विरोधी मुद्दा तुम्हीच आणा, आणि पूर्ण ताकदीने आणा. आपल्याच जिल्ह्यात लागवडीपेक्षा जास्त क्षेत्राचा विमा उतरवल्याच्या बातम्या येऊन गेल्यात. वाचणाऱ्याच्या मनात ते असणारच. तुम्ही गप्प राहिलात तर त्याला वाटेल, हिने हे लपवलं.

शहादेकर | ११:३२

भो, हे जरा जास्त होतंय. ज्याचा घड खाली पडला त्यानेच आधी कंपनीची बाजू मांडायची? नंदुरबारकडे आमची पपई आहे, मिरची आहे. नुकसान झालं की ज्याच्या तोंडाकडे बघावं तो नियम दाखवतो. नियम सांगणारे पुष्कळ आहेत. शेतकऱ्याने तरी राग लिहावा. राग काढून घेतला की लेखात शेतकरी उरतच नाही, उरतो तो अर्जदार.

निवृत्त_मास्तर | ११:५५

शहादेकर, तुमचा मुद्दा हलका नाही. नेमस्त भाषा बरेचदा ज्याचं काही गेलेलं नाही त्याला परवडते, हे खरं. पण राग ठेवायचा कुठे, हा लिहिण्यातला प्रश्न आहे. विशेषणांत ठेवला (‘निर्लज्ज’, ‘झोपलेले’, ‘गेंड्याच्या कातडीचे’) तर तो वाचणाऱ्याला आयता मिळतो आणि तिथेच संपतो. वस्तुस्थितीच्या क्रमात ठेवला तर तो वाचणाऱ्याच्या पोटात तयार होतो. विम्याचा हप्ता भरला, मे महिन्यात पानं गेली, केंद्रावर आकडा गाठला गेला नाही, भरपाई शून्य. ही चार वाक्यं एकाखाली एक ठेवा. एकही शिवी नाही, तरी वाचणारा चिडेल.

पांझराकाठी | १२:४०

या निमित्ताने एक जुनं उदाहरण द्यावंसं वाटतं. १८८२ मध्ये शिक्षणाच्या पाहणीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेलं निवेदन. सुरुवातीलाच ते सांगतात, की शिक्षणाबाबतचा आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे. मग मुलींची शाळा काढली, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली, हे सांगतात. ‘मी’ आहे तो एवढाच: कुठलं पाहिलं आणि काय केलं. त्यानंतर ‘मी’ मागे सरतो आणि हिशेब पुढे येतो, की सरकारी महसूल मोठ्या प्रमाणात रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो. मागणीही नेमकी: प्राथमिक शिक्षण निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा.

आपल्या अनुभवाची हद्द आधी सांगितल्याने त्यांचं म्हणणं लहान झालं नाही. उलट हद्दीच्या आतलं सगळं खोडायला अवघड झालं. आणि शहादेकर, त्यात राग नाही असं कोण म्हणेल?

शहादेकर | १२:५२

हे उदाहरण पटलं. विशेषणांबद्दल माझं मत मात्र कायम. एखादं तरी हवं.

स्पर्धा_परीक्षा_धुळे | १३:३०

अवांतर विचारतो, माफ करा. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, आता निबंध लिहावा लागतो. तिथेही हेच चालेल का?

निवृत्त_मास्तर | १३:४४

अर्धं चालेल. दावा आधी, विरोधी मुद्दा प्रामाणिकपणे, आणि दर परिच्छेदाला एकच काम, हे तिथेही लागू. पण परीक्षकाला तू कोण हे माहीत नसतं आणि माहीत व्हायलाही नको. तिथे साक्षीदाराच्या जागी सर्वांना तपासता येईल असं उदाहरण घे. सवय म्हणून रोज एका अग्रलेखाच्या प्रत्येक परिच्छेदासमोर तो तिथे काय करतोय ते एका ओळीत लिही. ज्या परिच्छेदासमोर काही लिहिता येत नाही तो वाचणाऱ्यालाही रेंगाळलेला वाटतो.

वाघूरवाला | १३:५०

अवांतरात अवांतर: मास्तर, हिवाळ्यात भरीत पार्टीला या, असोद्याकडे आमच्या मळ्यात. कळण्याची भाकरी, तुरीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, आणि तुमचा वर्ग. कांदेबाग ताईंचा लेख तिथे मोठ्याने वाचू.

निवृत्त_मास्तर | १३:५८

येतो. मिरची मात्र माझ्या वयाला झेपेल एवढीच.

पांझराकाठी | १४:२०

माझाही एक प्रश्न आहे, विषयाला धरूनच. मला पांझरा नदीवरच्या फड बागायतीवर लिहायचंय. बंधारे अडवून पाटाने पाणी, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाळ्या लावायला पाटकरी, आणि सगळा कारभार लाभधारकांच्या हातात. शतकानुशतकं चाललेली ही व्यवस्था वर धरणं आणि शेजारी विहिरी झाल्यावर बऱ्याच ठिकाणी मोडली. माझी मागणी आहे, की जे फड चालू आहेत त्यांच्या पाण्याचा हक्क धरणाच्या नियोजनात धरावा. पण फडात माझी जमीन नाही. मी धुळ्यात राहतो. मग ‘मी’ म्हणायचा मला हक्क आहे का?

अमळनेरची_लेक | १४:४१

ऐकणाऱ्याचा ‘मी’ आहे ना तुम्हाला. ‘पाटकऱ्यासोबत पाटाने फिरलो, त्याने हे दाखवलं’ असं लिहा. तिथे तुम्ही मध्ये येऊ नका, त्याला बोलू द्या. फक्त ‘आमचं पाणी’ म्हणू नका. आणि मी शहरात राहतो हे एका वाक्यात सांगून टाका, म्हणजे कोणाला ते शोधून काढावं लागणार नाही.

तापीकाठचा_कृषीवाला | १५:०५

+१. आता मूळ धाग्याकडे. ताई, त्या केंद्राबद्दल सांगणार होतात. तिथे काय पाहिलं?

कांदेबाग | १५:४०

लोखंडी जाळीचं कुंपण, आत खांब, वर वाऱ्याच्या फिरत्या वाट्या, मध्ये पांढऱ्या चकत्यांच्या डब्यात तापमापी, सौर पट्टी. कुंपणाला लागून निंबाचं मोठं झाड आहे, दुपारनंतर त्याची सावली खांबावर येते. पलीकडे पाट. आमचा बाग उघड्या माळाला लागून, पश्चिमेकडून काही आडोसा नाही. केंद्रापाशी उभं राहिलं तरी कळतं, की हवा वेगळी आहे.

तापीकाठचा_कृषीवाला | १५:५८

हेच तुमचं सोनं आहे. अशा केंद्राभोवती मोकळी जागा असायला हवी, झाड-इमारत फार जवळ नको, हा निरीक्षणशास्त्राचा साधा नियम. सावलीचा फोटो वेळेसह काढून लेखासोबत पाठवा. मात्र ‘म्हणून सगळीच केंद्रं चुकीची’ असं लिहू नका. एक पाहिलं तर एकाबद्दल लिहा, आणि मागा की सगळ्यांची जागा तपासून यादी जाहीर करा.

मागणी कोणाकडे हेही नीट ठरवा. सगळे कंपनीला धोपटतात. तापमानाचे निकष राज्य सरकारच्या शासन निर्णयात असतात, कंपनी ते राबवते. मंडळातली केंद्रं महावेध या राज्याच्या हवामान केंद्रांच्या प्रकल्पातली. आणि ग्रामपंचायत पातळीपर्यंत हवामान यंत्रणा नेण्याचा विंड्स हा केंद्राचा कार्यक्रम २०२३ मध्ये जाहीर झालेलाच आहे. म्हणजे ‘गावात केंद्र द्या’ एवढंच लिहिलं तर उत्तर तयार असेल, की देतोय. तुमची मागणी एक पाऊल पुढे हवी: केव्हा, जागा कोण ठरवणार, आणि रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणार का.

कांदेबाग | १६:३०

हे फार मोलाचं. मागणी बदलली. ‘गावात केंद्र द्या’ ऐवजी ‘केंद्राची जागा ग्रामसभेसमोर ठरवा आणि रोजचं कमाल-किमान तापमान फलकावर लिहा’. विरोधी मुद्दाही घेतला. बघा जमतंय का:

‘काही जणांनी नसलेल्या केळीचा विमा उतरवल्याच्या बातम्या आल्या. तसं करणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी, कारण त्यांनी लाटलेला पैसा खऱ्या केळीवाल्याच्या वाट्यातून जातो. पण कोणाच्या सातबाऱ्यावर किती केळी आहे याचा आणि निंबाची सावली कोणत्या खांबावर पडते याचा संबंध नाही. पहिल्याची चौकशी चालू असताना दुसरं दुरुस्त करता येतं.’

भुसावळ_जंक्शन | १६:४२

छापण्यासारखं. ‘काही जणांनी’च्या जागी ‘काहींनी’ करा, बाकी हात लावू नका.

शहादेकर | १६:५०

या परिच्छेदात ‘मी’ कुठेच नाही, तरी ताई बोलतेय हे कळतं. मास्तर, हे तुमचं म्हणणं सिद्ध झालं म्हणायचं.

निवृत्त_मास्तर | १७:०५

तिचं तिनेच केलं. आता शेवटाचं बघ मुली. बहुतेक लेख शेवटी ‘शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष द्यावे, अन्यथा…’ असं म्हणून संपतात. ‘अन्यथा’पुढे तुझ्या हातात काही नसेल तर ते लिहू नकोस. तुझ्या हातात काय आहे ते लिही.

कांदेबाग | १७:४८

खरं म्हणजे एक गोष्ट आहे हातात. आमच्या गावातल्या काही केळीवाल्यांनी ठरवलंय, की येत्या उन्हाळ्यात बागेत साधे तापमापक लावून रोज दुपारी नोंद करायची आणि ती केंद्राच्या नोंदीशेजारी ठेवायची. शेवटी हेच लिहिते, आणि ती वही कोणालाही बघायला मिळेल हेही.

तापीकाठचा_कृषीवाला | १८:०२

उत्तम. तापमापक उन्हात टांगू नका, हवा खेळेल अशा सावलीच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा-दीड मीटरवर ठेवा. नाहीतर पहिल्याच दिवशी ती वही खोडून काढतील. पेटी कशी करायची ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

शहादेकर | १८:१०

आणि एक विशेषण?

कांदेबाग | १८:३५

ठेवलंय दादा, एकच. भरपाई शून्य आली त्या वाक्यात ‘कोरडं पत्र’. बाकीचे सगळे काढले. आज रात्री वडिलांना वाचून दाखवते. त्यांचं वाक्य त्यांच्या परवानगीशिवाय छापायचं नाही. त्यांनी हो म्हटलं की उद्या सकाळी पाठवते.